बंदराचे मागले दार

मुंबईहून पुण्यास जाणारी आगगाडी कर्जत स्थानकात येऊन थांबते, त्या वेळी डब्यातील बहुतेक मंडळींचे लक्ष फलाटावरच्या बटाटेवड्यांकडे असते. गाडी येथे थांबते ती वड्यांसाठीच, असा एखाद्या लहान मुलाचा समज झाला तर त्याला दोष देता यावयाचा नाही. परंतु त्याच वेळी गाडीच्या शेपटीकडे निराळीच घाई चाललेली असते. जादा एंजिने येऊन गाडीला मागून टेकतात. आणि मग पुढच्या एंजिनाने ओढावयाचे व मागच्यांनी रेटावयाचे, अशा रीतीने ती गाडी सह्याद्रीचा चढ चढू लागते. बाजूच्या रुळांवर एखादी मालगाडीही अशीच आपल्या पाळीची वाट पाहत उभी असते. तिच्याकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. आज मला आपणांपुढे बोलावयाचे आहे ते त्या मालगाडीविषयी आणि ज्या बंदरासाठी ती धावते त्या बंदराविषयी.

बंदराची हकीकत सांगावयाची आणि स्थळ निवडावयाचे कर्जत-खालापूरचे, हे कित्येकांना विचित्र वाटेल. कर्जत हे मुंबईच्या बोरीबंदरापासून रेल्वेने शंभर किलोमीटरांवर आहे. तेथे खारा वारा लागत नाही. दृष्टीस पडतात ती भातखाचरे, पावसाळी ओढे आणि समोर उभा ठाकलेला डोंगराचा कडा. तरीही माझे म्हणणे असे आहे, की मुंबईचे बंदर केवळ गोदीच्या दरवाजात उभे राहून पुरते समजत नाही. प्रत्येक बंदराला दोन दारे असतात. पुढले समुद्राकडे उघडते, मागले देशाकडे. मुंबईला पुढले दार निसर्गाने मोठ्या औदार्याने दिले. मागले मात्र सह्याद्रीची भिंत घालून बंद करून ठेवले. ते मनुष्याने फोडून काढले, आणि जेथे फोडले ते ठिकाण म्हणजे कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतील बोरघाट.

ही भिंत किती अवघड होती याची साक्ष इतिहासात आहे. 1661 साली मोगलांचा सरदार कारतलबखान मोठे सैन्य घेऊन घाटावरून कोकणात उतरू लागला, तेव्हा खालापूरच्या हद्दीतील उंबरखिंडीत शिवाजीमहाराजांनी त्याला असा कोंडला, की त्याला पुढेही जाता येईना व मागेही फिरता येईना. त्याच वर्षी विलायतेत एक विवाहाचा करार झाला आणि त्यान्वये मुंबई बेट पोर्तुगिजांकडून इंग्लंडच्या राजाकडे जावयाचे ठरले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु पुढल्या दीडशे वर्षांतील मुंबईच्या व्यापाराचे मर्म त्यांत साठवलेले आहे. बेटाच्या पूर्वेस उत्तम आसऱ्याचे, खोल पाण्याचे बंदर इंग्रजांना मिळाले खरे, पण त्याच्या पाठीशी उंबरखिंडीसारख्या खिंडी होत्या. सुरतेच्या पाठीशी तापीचे सपाट खोरे पसरलेले असल्याने तेथे देशातला माल गाड्यांनी सहज येई. मुंबईला ते भाग्य नव्हते, आणि म्हणूनच बंदर उत्तम असूनही मुंबईची पेठ दीर्घकाळ सुरतेच्या मागे राहिली.

याचा अर्थ बोरघाटातून पूर्वी वाहतूकच नव्हती असा मात्र नाही. या दोन तालुक्यांतून दोन नद्या वाहतात. उल्हास नदी कर्जतेवरून उत्तरेस कल्याणकडे जाते. पाताळगंगा खोपोलीवरून खालापूर तालुक्यातून आपट्याकडे जाऊन धरमतरच्या खाडीस मिळते. जेथे नदीला खाडीचे पाणी भेटते तेथे बंदर आणि जेथे ती डोंगरातून बाहेर पडते तेथे घाटवाट, असा आपल्या कोकणचा जुना नियमच आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या दर्यावर्दी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ या नावाचा प्रवासग्रंथ रचला. त्यात कल्याणचा उल्लेख आहे. पूर्वी ही पेठ परदेशी व्यापारास खुली होती, पण पुढे सत्ता पालटली आणि चुकून तेथे आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेण्यात येऊ लागली, असे तो सांगतो. कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आहेत आणि घाटमाथ्यापलीकडे कार्ल्याची. कार्ल्याच्या लेण्यांत यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. तेथील चैत्यगृह तर वैजयंतीच्या, म्हणजे दूर कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने पुरे केले. इतक्या दूरचा व्यापारी या डोंगरात दानधर्म करतो, तो ही वाट त्याच्या पायाखालची असल्यावाचून नव्हे.

पुढे पेशवाईच्या काळात पुण्याचा कोकणाशी आणि मुंबईशी व्यवहार वाढला, तो मुख्यत्वे पनवेल बंदरामार्गे. मुंबईहून माल मचव्यांत भरावयाचा, भरतीच्या पाण्यावर पनवेलच्या खाडीत आणावयाचा, आणि तेथून चौक, खालापूर, खोपोली असा घाटाच्या पायथ्याशी न्यावयाचा. खोपोलीस नाना फडणिसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे देवालय आजही आहे. घाट चढण्यापूर्वी माणसांना व जनावरांना पाणी मिळावे, ही त्या बांधकामामागची गरज आपणांस सहज उमगेल. पुढला चढ लमाणांच्या तांड्यांनी चढावयाचा. बैलाच्या पाठीवर दोन-तीन मणांपलीकडे ओझे लादता येत नाही. वाट अरुंद असल्यामुळे एकामागे एक अशी रांग लागे. आणि पावसाळ्याचे चार महिने सारा व्यवहार जवळजवळ थंडावे. वरून येणारा कापूस वाटेतली धूळ आणि दंव पिऊन मुंबईस पोहोचे. ‘हिंदुस्थानचा कापूस गलिच्छ’ अशी ओरड मँचेस्टरचे गिरणीवाले करीत, त्यातला काही दोष शेतकऱ्याचा नसून वाटेचा होता.

या वाटेची खरी सुधारणा 1830 साली झाली. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने त्या वर्षी बोरघाटातून गाडीरस्ता खुला केला, आणि बैलाच्या पाठीवरचे ओझे बैलाच्या मागे चाकांवर आले. आज हे आपणांस क्षुल्लक वाटते. परंतु तेच दोन बैल पाठीवर वाहून नेत त्याच्या कितीतरी पट माल गाडीतून नेऊ लागले, ही गोष्ट भाड्याच्या हिशोबात फार मोठी ठरते. पनवेल, खालापूर, खोपोली ही गावे या काळात भरभराटली. गाडीवान, हमाल, वखारवाले, चारा विकणारे, नालबंद अशा कितीतरी लोकांचे पोट या एका रस्त्यावर चाले.

त्यानंतर आली आगगाडी. 1853 च्या एप्रिलमध्ये ती बोरीबंदराहून ठाण्यास गेली हे आपल्याकडे शाळकरी पोरासही पाठ असते. पण ती 1856 च्या मे महिन्यात खोपोलीस पोहोचली, हे फारसे कोणी सांगत नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या चालकांना हौस होती ती ठाण्याची नव्हे. त्यांचा डोळा देशावरच्या कापसावर होता, आणि खोपोली हे त्या मार्गावरचे डोंगराखालचे शेवटचे ठिकाण होते. 1858 साली घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे असा दुसरा तुकडा सुरू झाला. 1860 पर्यंत तो सोलापुरास जाऊन भिडला. मधला घाट तेवढा राहिला. वर रेल्वे, खाली रेल्वे, आणि मध्ये पालख्या, तट्टे व बैलगाड्या! प्रवाशांनी खोपोलीस उतरावयाचे, पालखीत बसून खंडाळा गाठावयाचा आणि तेथे पुन्हा दुसऱ्या गाडीत चढावयाचे. मालाचेही तेच. वरच्या मार्गासाठी विलायतेहून जहाजाने आलेले रूळ आणि यंत्रसामग्रीदेखील माल्कमच्या रस्त्यानेच वर न्यावी लागली. ही सात वर्षे खोपोलीच्या वैभवाची होती.

घाटातील लोहमार्गाचे काम 1856 च्या आरंभी सुरू झाले. जेम्स बर्कले हा त्याचा मुख्य एंजिनियर. पावणेसोळा मैलांच्या अंतरात मार्गाला 1831 फूट चढावयाचे होते. काही ठिकाणी चढ सदतीस फुटांस एक फूट इतका तीव्र होता. पंचवीस बोगदे खोदावे लागले, आठ मोठे कमानी पूल बांधावे लागले. एके ठिकाणी तर डोंगराने पुढे जाण्यास जागाच दिली नाही. तेव्हा गाडी टोकापर्यंत न्यावयाची, एंजिन काढून दुसऱ्या टोकास जोडावयाचे आणि उलट दिशेने पुढचा चढ चढावयाचा, अशी युक्ति करण्यात आली. हे उलटे स्थानक 1929 पर्यंत, म्हणजे घाटात विजेच्या गाड्या येईपर्यंत, वापरात होते.

आकडे प्रभावी आहेत, पण त्यांच्यामागे माणसे होती. 1861 साली या घाटात एका वेळी 42,000 मजूर कामावर होते. ते बव्हंशी घाटावरचे आणि आसपासचे गरीब लोक. बायका डोक्यावर माती वाहत आणि पुरुष दोराला लोंबकळून कड्यात सुरुंगाची भोके पाडीत. राहण्यास झोपड्या, पिण्यास ओढ्याचे पाणी. पटकीची साथ आली की माणसे भराभर मरत. 1859 च्या जानेवारीत मजुरी थकल्यामुळे मजुरांनी दंगा केला. त्याची चौकशी झाली, आणि फॅव्हिएल नावाच्या कंत्राटदाराने काम सोडले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला, तो येथे पाऊल ठेवल्यापासून काही आठवड्यांतच वारला; मग त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट चालवले आणि दोन अनुभवी एंजिनियरांच्या हस्ते काम तडीस नेले. बर्कलेही प्रकृति ढासळून मायदेशी परतला आणि घाट पुरा होण्याच्या आधीच, 1862 साली, निवर्तला. ट्रेडवेलबाईंचे आणि बर्कलेचे नाव ग्रंथांत राहिले आहे. त्या बेचाळीस हजारांतील एकाचेही नाव आपणांस ठाऊक नाही, आणि मला ही गोष्ट घाटातून जाताना दर वेळी बोचते.

1863 च्या वसंतात गव्हर्नर सर बार्टल फ्रियर याच्या हस्ते घाटाचे उद्घाटन झाले. वेळ अशी साधली होती, की ज्योतिष्यानेही तोंडात बोट घालावे. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, तिकडचा कापूस विलायतेस येईनासा झाला होता, आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या तोंडाकडे पाहत होत्या. सोन्याचांदीचा जो पूर त्या वेळी मुंबईत लोटला त्याची आणि 1865 सालच्या दिवाळखोरीची कथा पुष्कळांनी रंगवून सांगितली आहे. ती मी येथे सांगत बसत नाही. न्यायासाठी एवढे मात्र म्हटले पाहिजे, की खानदेश-वऱ्हाडचा कापूस पुढे बव्हंशी थळघाटाने उतरू लागला. बोरघाटाच्या वाट्याला आला तो पुण्या-सोलापुराकडचा माल. 1867 च्या पावसाळ्यात घाटातील एक मोठा पूल कोसळला, तेव्हा दगडकामाच्या दर्जाविषयी पुष्कळ बोलले गेले. घाईने फोडलेल्या दाराच्या चौकटी अशा मधूनमधून खिळखिळ्या होत होत्या.

दार उघडले तसा आत माल येऊ लागला, आणि मग ध्यानात आले, की पुढल्या ओट्यावर तो ठेवण्यास जागाच नाही. तोपर्यंत मुंबईस मोठे जहाज धक्क्याला लागत नसे. ते पाण्यात नांगर टाकून उभे राही आणि माल पडावांतून ने-आण होई. 1869 साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर आगबोटींची रीघ लागली, आणि ही पद्धत पुरी पडेना. 1873 साली बंदराच्या कारभारासाठी पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. 1875 मध्ये कुलाब्यास ससून गोदी तयार झाली. पाणी अडवून धरणारी ही पश्चिम हिंदुस्थानातील पहिलीच गोदी. त्यामागून 1880 मध्ये प्रिन्सेस गोदी, 1888 मध्ये व्हिक्टोरिया गोदी आणि 1914 मध्ये अलेक्झांड्रा गोदी, जिला पुढे इंदिरा गोदी हे नाव मिळाले.

अशा गोदीची रचना मोठी मनोरंजक असते. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरांच्या घरात अंतर पडते. जहाज नुसत्या धक्क्याला बांधले तर ते दिवसातून दोनदा वर चढेल आणि दोनदा खाली उतरेल. ओहोटीस कदाचित चिखलातही रुतेल. म्हणून दगडी भिंतींचा मोठा हौद बांधून त्याला दरवाजे बसवितात. भरतीस दरवाजे उघडून जहाज आत घ्यावयाचे आणि पाणी ओसरण्यापूर्वी ते लावून टाकावयाचे. बाहेर ओहोटी लागली तरी आत पाणी तेवढेच राहते, आणि यारीने माल उचलून शांतपणे काठावर ठेवता येतो. इंदिरा गोदीच्या तोंडाशी तर 750 फूट लांब आणि 100 फूट रुंद असा दुहेरी दरवाजांचा मार्ग आहे, त्यामुळे भरतीची वाट न पाहताही जहाज आत-बाहेर करता येते. काठावर गुदामे आणि गुदामांच्या दारात रूळ. 1915 च्या आरंभी बंदराची स्वतःची रेल्वे सुरू झाली, आणि सोलापुराकडे गाडीत भरलेली गाठ मध्ये कोठेही न उतरता जहाजाच्या कुशीपर्यंत जाऊ लागली.

त्याच 1915 साली खोपोलीस दुसरा एक उद्योग उभा राहिला. लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधून त्यांचे पाणी सुमारे 1700 फूट खाली खोपोलीस नळांतून सोडावयाचे, त्यावर चक्रे फिरवून वीज निर्माण करावयाची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवावयाची, अशी टाटांची योजना होती. 1922 मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीसही तसेच केंद्र निघाले. ज्या डोंगराने मुंबईची वाट अडवली होती तोच आता तिच्या गिरण्या चालवू लागला. गिरणीचा कापूस घाटातून आणि वीजही घाटातून! खोपोलीचे वैभव 1863 नंतर ओसरले होते. मुख्य मार्ग पळसदरीवरून वर चढला आणि खोपोलीस जाणारा तुकडा नुसता फाटा होऊन राहिला. विजेने त्या गावाला पुन्हा थोडी धुगधुगी दिली. चक्रांवरून सुटलेले पाणी पाताळगंगेत जाते. त्यामुळे ही नदी उन्हाळ्यातही वाहते आणि खालच्या कारखान्यांची तहान भागवते.

1944 च्या एप्रिलमध्ये व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. जहाजावर कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे 1400 टन दारूगोळाही होता. शेकडो माणसे मेली, गोदी उद्ध्वस्त झाली. गोद्या पुन्हा उभ्या राहिल्या. पण भर वस्तीत गुरफटलेल्या बंदराला वाढण्यास जागा उरलेली नाही, ही गोष्ट पुढील दशकांत उघड होत गेली. जहाजे आठवड्यांमागून आठवडे बाहेर खोळंबू लागली. एकविसाव्या शतकात तर प्रिन्सेस व व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्या बुजविण्यात आल्या. तेलाचा व्यवहार मात्र जवाहर द्वीपावर अद्याप जोरात आहे.

मधल्या काळात मालवाहतुकीची तऱ्हाच पालटली होती. 1956 साली अमेरिकेत ट्रकवरची पोलादी पेटी जशीच्या तशी जहाजावर चढविण्याची कल्पना अमलात आली. तोवर पोते, पिंप, खोका अशी प्रत्येक वस्तु निराळी उचलावी लागे आणि जहाज धक्क्याला दिवसचे दिवस अडकून पडे. आता वीस किंवा चाळीस फुटी कंटेनर यारीने एका दमात उचलावयाचा आणि थेट गाडीवर ठेवावयाचा. त्यासाठी हवा खोल पाण्याचा लांब धक्का आणि मागे विस्तीर्ण मोकळी जमीन. ही जमीन शोधण्यास मुंबईला आपली खाडी ओलांडावी लागली. न्हावा-शेवा येथे, रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात, 26 मे 1989 रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले.

ही जमीन मोकळी होती असे मी म्हणालो, तो शब्द मागे घेतला पाहिजे. तेथे भातशेती होती, मिठागरे होती, कोळ्यांची गावे होती. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणच्या शेतकऱ्यांनी जे आंदोलन केले, त्यात 1984 च्या जानेवारीत पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा बळी गेला. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व याच लढ्यातून पुढे आले. बोरघाटातील मजुरांच्या आणि या शेतकऱ्यांच्या मध्ये सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. फरक इतकाच, की या वेळी बळींची नावे लोकांनी विसरू दिली नाहीत.

नव्या बंदरात पुढे खासगी कंपन्यांचे धक्केही आले, समुद्रातील मार्ग खोल करण्यात आला, आणि 2022-23 या एका वर्षात वीसफुटी मापाने साठ लाखांहून अधिक कंटेनरांची तेथे चढउतार झाली. त्यांतला पुणे, चाकण आणि दक्षिणेकडचा माल कोणत्या वाटेने जातो? पळस्प्यावरून चौक, खालापूर, खोपोली. पेशवाईतील मचव्यांचा माल जात होता तीच ही वाट; फक्त तांड्याच्या जागी ट्रेलर आले. 2002 साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला, तो खालापूर तालुका चिरीत घाटात शिरतो. पनवेलहून कर्जतेस थेट लोहमार्ग झाल्यामुळे मालगाड्यांनाही कल्याणचा वळसा चुकला. रेल्वेने एकदा कर्जतेच्या पदरात टाकलेले बंदराचे मागले दार असे पुन्हा अर्धेअधिक खालापूरकडे सरकले आहे.

यात या तालुक्यांच्या हाती काय लागले, असे कोणी विचारील. कारखाने आले, गुदामे आली, जमिनींना किंमत आली. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांपैकी काहींचे भले झाले, आणि काहींनी आलेला पैसा दोन पावसाळ्यांत उडवला. ठाकूर आणि कातकरी यांच्या वाड्यांकडे मात्र फारसे काही आले नाही. त्यांच्या नावावर जमीनच थोडी होती. चौकजवळच्या मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबईस जाते, भिवपुरीची वीज तारांवरून घाटाखालच्या शहरांस जाते, आणि बंदराचा माल दोन्ही बाजूंनी रात्रंदिवस जात-येत असतो. उतारावर ब्रेक लावणाऱ्या ट्रेलरांचा आवाज खोपोलीच्या लोकांना इतका सवयीचा झाला आहे, की तो थांबला म्हणजे त्यांना जाग येते आणि घाटात कोठे तरी अपघात होऊन वाहतूक तुंबली असे ते ओळखतात.

पुढल्या खेपेस कर्जतेस गाडी थांबेल तेव्हा वडा जरूर खावा. तो चांगला असतो. पण गाडी सुटल्यावर पळसदरीपाशी खिडकीतून बाहेर पाहावे. एक फाटा खाली खोपोलीकडे निघालेला दिसेल. 1856 साली हाच देशाकडे जाणारा मुख्य मार्ग होता, आणि त्याच्या टोकाशी पालख्या उभ्या असत. आपली गाडी मात्र वर चढते; लोणावळ्यास मागची एंजिने सुटतात, आणि पुढच्या मालगाडीसाठी रिकामीच घाट उतरून कर्जतेस परत येतात.